कॅमेऱ्यावर राग, डीजेला अभय

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि मुहूर्तांच्या मागोमाग प्रवचने. साखरपुड्यात, हळदीत, पंगतीत आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय एकच: हे प्री-वेडिंगचे फॅड. कोणीतरी मान्यवर माइक हातात घेतात, वधूवरांना आशीर्वाद देतात आणि त्याच दमात त्यांच्या पिढीचे वाभाडे काढतात. लग्नाआधी फोटो? तेही मिठ्या मारून? डोंगरावर, पाण्यात, रेल्वेच्या पुलावर? आईबापाच्या घामाचा पैसा! टाळ्या पडतात. मान्यवर स्टेजवरून उतरतात आणि डीजेवाल्याला आवाज वाढवायला सांगतात.

मी नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात राहतो. चारी बाजूंनी कोपरखैरण्याचे सेक्टर आणि मध्ये आमचे गावठाण, एकमेकांना खेटून उभी राहिलेली गरजेपोटीची घरे, खाली दुकान आणि वर तीन-चार मजले. लग्नसराईत इथे भिंतीआड काही राहत नाही. कोणाच्या घरी काय ठरले, कोणी किती खर्च केला, कोणाची मुलगी कुठे जाऊन फोटो काढून आली, सगळे गल्लीला ठाऊक असते. त्यामुळे हे प्रवचन मी फार जवळून आणि फार वेळा ऐकले आहे. आता उत्तर द्यायची पाळी आली.

टीकाकारांचे म्हणणे त्यांच्याच धारेने मांडतो, नाहीतर म्हणतील की आमच्या तोंडी सोपे शब्द घातले. त्यांच्या मते लग्न हा दोन कुळांचा संस्कार आहे, त्याचा दोघांचा खासगी सिनेमा करू नका. अजून अक्षता पडलेल्या नाहीत, तोवर ती बापाच्या घरची लेक आहे. तिला दिवसभर होणाऱ्या नवऱ्याबरोबर, परक्या फोटोग्राफरसमोर उभे करणे हा बेजबाबदारपणा आहे. खर्च बापाच्या गळ्यात पडतो. एकाने केले की शेजारच्यालाही करावे लागते, परवडत नसले तरी. उद्या सोयरीक मोडली तर फोटो राहतात आणि बदनामी मुलीची होते. आणि इतके करून हातात काय, तर सगळ्यांसारखेच फोटो: पाठमोरा मुलगा, वाऱ्यावर उडणारी ओढणी, मागे रंगीत धूर.

यातला शेवटचा आक्षेप अर्धा खरा आहे. त्याच्याकडे येतोच. बाकीच्यांचे काय ते आधी पाहू.

पैसा. आपल्या भागात एका दिवसाचे साधे शूट पंधरा-वीस हजारांत होते. कपडे, मेकअप, ड्रोन, मढ किंवा कर्जतकडचा भाड्याचा सेट अशी हौस चढत गेली की आकडा लाखावर जातो. रक्कम लहान नाही, मान्य. पण ती कशाशेजारी ठेवून मोजायची? आमच्या आगरी लग्नात हळदीची रात्र असते. मांडव, रोषणाई, बेंजो किंवा डीजे, मटणाच्या पंगती, रस्ता अडवून उभारलेले स्टेज, पुढाऱ्यांच्या फोटोंचे बॅनर, आणि ज्याचा खर्च वहीत कधीच लिहिला जात नाही ती बाटली. एका हळदीच्या रात्रीत अशी किती शूट बसतील? ज्यांनी वऱ्हाडासाठी कर्ज काढले त्यांनी ते फोटोग्राफरसाठी काढलेले नसते, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माणसे बोलावलीच पाहिजेत, त्याशिवाय लग्न कसले, असे ठासून सांगणाऱ्यांना 2021 चा एप्रिल आठवत नसावा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी दिली होती. त्या दोन तासांत लागलेली लग्ने कच्ची राहिली का? संस्कारात काही उणे पडले का? मग हजार पानांची पंगत हा संस्कार आणि दोघांचे फोटो ही उधळपट्टी, हा निवाडा कोणत्या पोथीतला?

रकमेवरून भांडण असते तर ते हळदीपासून सुरू झाले असते. भांडण अधिकाराचे आहे. लग्नातले काय काय कोण ठरवते ते पाहा. तारीख भटजी काढतात. हॉल बाप ठरवतो. जेवण काका ठरवतो, कारण केटरर त्याच्या ओळखीचा असतो. निमंत्रणाची यादी भाऊबंद ठरवतात आणि कोणाचे नाव पत्रिकेत किती मोठ्या टायपात जाईल यावर दोन रात्री खल होतो. मानपानाच्या साड्या मावश्या घेतात. नवरीला शालूचा रंग विचारतात, तोही कधीकधी, दोन रंगांपैकी. या सगळ्या धामधुमीत एकच दिवस असा असतो जो त्या दोघांनी मुळापासून आखलेला असतो: कुठे जायचे, किती खर्च करायचा, काय घालायचे, कोणाला बरोबर न्यायचे, कोणाला नाही. नेमका तोच दिवस ज्येष्ठांच्या डोळ्यांत खुपतो. याला योगायोग म्हणायचे का?

आता संस्कृती. हा शब्द उच्चारणाऱ्यांना मला एक विचारायचे आहे: धवलारीण कुठे गेली? आगरी लग्न लावण्याचा मान धवलारणीचा होता. धवले गात ती विधी पुढे न्यायची. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक टप्प्याचे गाणे तिला तोंडपाठ असायचे. एक बाई पौरोहित्य करते आहे आणि अख्खा मांडव तिच्या तोंडाकडे बघतो आहे, अशी ही आमची खास, अभिमानाने सांगावी अशी रीत. आज ती बहुतेक ठिकाणी नावापुरती उरली, कारण स्पीकरवरच्या रिमिक्सपुढे तिचा आवाज पोहोचत नाही. तिच्यासाठी कुठल्या गावकीने ठराव केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट मेंदी आली, संगीत आले, नवऱ्याच्या अंगावर शेरवानी आली, वधूवरांना बसायला सिंहासने आली, आणि हे सगळे पाहुण्यासारखे पाट देऊन बसवले गेले. संस्कृती बुडाल्याची आठवण झाली ती कॅमेरा आल्यावर.

माझ्या ओळखीतली एक आजी शूटचे ऐकून म्हणाली होती, ‘आमचे टायमाला नवऱ्याचा तोंड मांडवानच बगला.’ टीकाकार हे वाक्य संस्कृतीचा दाखला म्हणून वापरतात. आजीने ते गौरवाने म्हटले नव्हते. मंगलाष्टके संपेपर्यंत ज्या पुरुषाचे तोंड पाहिले नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला बसायचे, यात गौरव कसला? याच मुंबईत रखमाबाईंनी हा प्रश्न कोर्टात नेला होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले, 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी दावा लावला, आणि 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तेव्हाही संस्कृती बुडत असल्याची हाकाटी झालीच होती, आणि ती करणाऱ्यांत टिळकांसारखे मोठे लोक होते. रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. संस्कृती अजून आहे.

आजची मुलगी महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये नोकरी करते, रात्रपाळी करून कंपनीच्या गाडीने घरी येते, परक्या पुरुषांबरोबर दिवसाचे नऊ तास काम करते आणि तिच्या पगारातून घराचे हप्ते जातात. तेव्हा घरात कोणाला संस्कृती आठवत नाही. तिने साखरपुडा झालेल्या मुलाचा हात कॅमेऱ्यासमोर धरला की मात्र आठवते. पगार चालतो, हात चालत नाही?

‘पण ते मांडवात स्क्रीनवर दाखवतात!’ हे म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. पाहुणे पोटात कावळे घेऊन बसले आहेत आणि समोर एलईडीवर स्लो मोशनमध्ये जोडपे चालतेच आहे, चालतेच आहे, हा छळ मीही सोसला आहे. पण तो स्क्रीन भाड्याने कोण आणतो? जोडप्याचे फोटो जोडप्याच्या फोनमध्ये होते. त्यांना मांडवाच्या पडद्यावर चढवले ते यजमानाने, चार लोकांत दिसावे म्हणून.

बंदी घालणारेही काही कमी नाहीत. 2019 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये गुजराती, जैन आणि सिंधी समाजाच्या संघटनांनी प्री-वेडिंग शूटवर बंदी जाहीर केली. आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. हुंडा, छळ, लग्नात दिलेली महागडी गाडी यांची चर्चा घरोघर झाली. त्यानंतर लग्नांसाठी आचारसंहिता ठरवणाऱ्या बैठका झाल्या. हुंडा नको, डीजे नको, कर्ज काढून लग्न नको: उत्तम. आणि त्याच रांगेत प्री-वेडिंगचेही नाव. मी ते वाचून थक्क झालो. सासरच्या छळाने मुली मरतात म्हणून आपण जमलो, आणि यादी करताना मुलीने होणाऱ्या नवऱ्याबरोबर काढलेले फोटोही हुंड्याच्या पंगतीला बसवले? कोणत्या मुलीचा छळ फोटो काढल्यामुळे झाला? लग्नाआधी एक दिवस एकत्र घालवायला मिळाला असता तर एखादीला बरेच काही आधी कळले असते, हे त्या बैठकीत कोणीतरी उठून म्हणायला हवे होते.

कारण कळतेच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा पढवून बसवलेला असतो. साखरपुड्यात तो हार घालून हसतो. शूटच्या दिवशी मात्र पहाटे पाचला निघायचे असते, फोटोग्राफर पाऊण तास उशिरा येतो, मेकअप वितळतो, रिक्षावाला सुटे पैसे नाहीत म्हणून वाद घालतो, तिसऱ्या कपड्यांची पिशवी घरी राहिलेली असते. अशा वेळी माणूस कसा बोलतो? कोणावर ओरडतो? फोटोग्राफरच्या असिस्टंट पोराला पाणी विचारतो की नाही? बिल द्यायच्या वेळी फोन वाजल्याचे निमित्त करून बाजूला होतो का? दहा वेळा हॉटेलात कॉफी पिऊन जे समजत नाही ते त्या एका घामट दिवसात समजते. मुलीलाही आणि मुलालाही.

‘आणि मोडले तर?’ हा सगळ्यात आवडता प्रश्न. मोडले तर मोडले. पाचशे माणसांसमोर साखरपुडा करून त्याचे दीडशे फोटो तुम्हीच रात्री ग्रुपवर टाकले होते ना? मोडल्यावर ते फोटो कुठे जातात? त्यांच्यामुळे मुलगी बदनाम होत नाही आणि शूटमुळे होते, हे कसे? खरे तर बदनामी करणारे आपणच असतो. आपण जीभ आवरायची की मुलीने फोटो काढायचे थांबवायचे?

सावधगिरी मात्र जरूर घ्यावी, आणि इथे प्रवचनापेक्षा कायदा कामाचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ज्याच्या सांगण्यावरून आणि पैशाने ते काढले तो असतो, फोटोग्राफर नव्हे. बऱ्याच फोटोग्राफरांच्या छापील अटींत मात्र तो ‘वेगळा करार’ बारीक अक्षरांत बसवलेला असतो: आमच्या पेजवर वापरू, जाहिरातीत वापरू. सही करण्याआधी ते वाचा. नको असेल तर खोडा. मूळ फाइल कधी मिळतील आणि फोटोग्राफर स्वतःकडची प्रत कधी पुसेल हे लिहून घ्या. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे भरावेत आणि बिलावर दोघांचीही नावे असावीत. मुलीच्या अब्रूची ज्यांना खरोखर काळजी आहे अशा काकांनी माइक सोडून हा कागद तिच्याबरोबर बसून वाचावा. पण त्याला टाळ्या पडत नाहीत.

धोक्याची भीती घालणारेही आहेत. 2020 च्या नोव्हेंबरात म्हैसूर जिल्ह्यात तलकाडजवळ शूटच्या वेळी नाव उलटून एक जोडपे कावेरीत बुडाले. 2024 मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्येच शूट करणाऱ्या कंत्राटी डॉक्टरला घरी बसवले गेले. दोन्ही खरे. पण दर पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्यावर जायला बंदी घालतात, पावसाळ्यावर घालत नाहीत. 2023 मध्ये हैदराबादच्या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी वर्दीत आणि पोलिसांच्या गाड्या घेऊन शूट केले तेव्हा आयुक्त सी. व्ही. आनंद यांनी मात्र समजूतदारपणे घेतले: विचारले असते तर परवानगी दिली असती, असे ते म्हणाले. त्यांच्याइतके शहाणपण आपल्या गावक्यांना परवडणार नाही का?

राहिला तो अर्धा खरा आक्षेप: सगळ्यांचे फोटो सारखे. असतात. पण पूर्वी कोणाचे वेगळे होते? मुंबईत 1854 मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, म्हणजे या शहरात फोटोचा षोक चांगला जुना आहे, आणि लग्नानंतरचा तो स्टुडिओतला फोटो घराघरात सारखाच: नवरा खुर्चीवर, बायको बाजूला उभी, चेहऱ्यावर दंड भरल्यासारखा भाव, मागे रंगवलेल्या पडद्यावर खांब, जिना आणि कधीही न पाहिलेला तलाव. आज तो फोटो फ्रेममध्ये आहे म्हणून पवित्र झाला.

त्या पडद्याबद्दल मला एक वेगळीच हळहळ वाटते. आमच्या भागातली जुनी जोडपी ठाण्याच्या नाहीतर पनवेलच्या स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या तलावासमोर उभी राहिली, तेव्हा घरामागे खरी भातखाचरे होती, बांध होते, खाडी होती. 1970 मध्ये सिडको आली, जमिनी संपादित झाल्या, खाचरांवर सेक्टर उभे राहिले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, हे आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. ती जमीन दिसायची कशी, हे दाखवायला मात्र घरोघरच्या अल्बममध्ये एकही फोटो सापडत नाही. आपण राहतो ती जागा फोटो काढण्याच्या लायकीची नाही, ही लाज जुनीच आहे. आजचे जोडपे भाड्याच्या सेटवरच्या पुठ्ठ्याच्या पॅरिसपुढे उभे राहते ते तीच लाज पुढे चालवते. मी त्यांना दोष देईन तो एवढाच.

म्हणून शूट बंद करू नका, घरी आणा. बोनकोड्यातच करा. खाडी आमच्या पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य पलीकडे मुंबईच्या बाजूला बुडतो आणि संध्याकाळचा शेवटचा तास पाण्यावर सोने पसरतो. आणखी कसला सेट हवा? थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे फ्लेमिंगो असतात, आणि ठाणे खाडीचे ते अभयारण्य 2022 पासून रामसर यादीत आहे, म्हणजे जगाने नावाजलेले. पक्ष्यांजवळ ड्रोन उडवू नका. नवी मुंबईत आता विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा कुठेही ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. वेळ कशी काढायची? घरातल्या आजोबांना विचारा. उधाण कधी, भांग कधी, कोणत्या तिथीला किती वाजता पाणी चढते आणि कधी नुसता चिखल उरतो, हे ॲपपेक्षा त्यांना चांगले समजते. एकदा विचारून बघा, दहा मिनिटांपूर्वी प्री-वेडिंगला शिव्या घालणारे आजोबा बोटावर तिथ्या मोजायला लागतात.

आजीला विचारा लुगडे कसे नेसायचे. तिच्या हातांनी ते काष्ट्याला ओढून, गुडघ्यापाशी आवळून, पदर खोचून होईपर्यंत फोटोग्राफरने कॅमेरा सुरू ठेवावा. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच निघेल. मग तीन टाकीचा बसस्टॉप, जिथे दोघांनी एनएमएमटीची वाट पाहत अर्धे प्रेम केले. जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले निसर्ग उद्यान. गावठाणातली ती गल्ली जिथे दोन घरांच्या गॅलऱ्या हात लावता येईल इतक्या जवळ आल्या आहेत आणि मधल्या दोरीवर सुकट वाळत असते. ही घरे नियमित होणार की पडणार हे वर्षानुवर्षे लटकले आहे. पुनर्विकास आला तर दहा वर्षांनी ही गल्ली नसेल. तिचे फोटो सिडको काढून ठेवणार आहे का? महापालिका? काढून ठेवलेच तर लग्नाच्या उंबरठ्यावरचे एखादे हौशी जोडपेच ठेवील.

गावकीला ठराव करायचाच असेल तर जरूर करावा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षातून जे मोजके दिवस बारापर्यंत सूट देते, त्यांत कोणाच्या घरची हळद नसते. या एका नियमावर बोनकोड्याने ठराव करावा, त्यावर सगळ्या भाऊबंदांच्या सह्या घ्याव्यात, पहिली सही माइकवर प्रवचन देणाऱ्या मान्यवरांची असावी. फोटोंचा दिवस, जागा आणि खर्च त्या दोघांना ठरवू द्या.